चिमणीच्या नावाचे दाणे

मराठी मुलाच्या कानावर पडणारी पहिली गोष्ट बहुधा नकोशा पाहुण्याची असते. पावसात शेणाचं घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या मेणाच्या घराचं दार वाजवतो आणि चिमणी आतून एकेक सबब सांगत त्याला भिजत ठेवते. माझ्या दोन मुलांना मी ही गोष्ट चार-पाचशे वेळा तरी सांगितली असेल. चिऊताईचं हे वागणं काही बरं नाही, असं तेवढ्या वेळा सांगूनही एकदा मनात आलं नाही. मुलांनीही कधी विचारलं नाही. चिमणी आपली आणि कावळा परका, हे पाळण्यातच ठरून गेलेलं असतं. पुढे माणूस मोठा होतो, कर्ज काढून फ्लॅट घेतो, गॅलरीत पाखरांसाठी दाणे टांगतो, तरी आमंत्रितांची यादी तीच राहते. बदललाय तो दार वाजवणारा. कावळ्याच्या जागी पारवा आलाय.

खरं तर पारवाच म्हणायला हवं. डोंगरकड्यांवर, किल्ल्यांच्या तटांत, पडक्या विहिरींच्या कोनाड्यांत राहणारा राखाडी पक्षी तो पारवा आणि माणसाने पाळलेला तो कबूतर, असा आपल्या भाषेतला जुना भेद. शहरात हा भेद पुसला गेला. मीही पुढे कबूतरच म्हणणार आहे, कारण सोसायट्यांमधली सगळी भांडणं त्याच नावाने चाललेली असतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गॅलरीतला नकोसा पाहुणा आगंतुक नसतो. आपणच त्याला बोलावलेलं असतं, फक्त पत्रिकेवर नाव चिमणीचं घातलेलं असतं.

हे मला कळायला सात-आठ महिने आणि एक शेजारीण लागली. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीने रस्त्यावरची रहदारी थांबली आणि आमच्या पुण्यातल्या गल्लीत इतके पक्षी बोलतात, हे पहिल्यांदाच ऐकू आलं. बाहेरून काही मागवण्याची सोय नव्हती. मुलीने पाण्याची रिकामी बाटली घेतली, तिला आरपार दोन लाकडी चमचे खोचले, आत बाजरी आणि तांदळाची कणी भरली आणि बाटली सुतळीने गॅलरीच्या गजाला उलटी टांगली. पाच दिवस कुणी फिरकलं नाही. सहाव्या दिवशी चिमण्यांची जोडी आली. नराच्या गळ्यावरचा काळा डाग, मादीच्या डोळ्यामागची फिकट रेघ, हे सगळं हातभर अंतरावरून बघायला मिळालं. महिन्याभरात अकरा चिमण्या मोजल्या. घरात कुणीतरी वारल्यासारखी शांतता पाळून आम्ही चौघं सकाळी सात वाजता सरकत्या दाराच्या काचेमागे बसत होतो. तो आनंद खरा होता. पुढे जे लिहिणार आहे त्याने तो खोटा ठरत नाही.

चिमणीला जेवायची रीत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. ती चमच्याच्या कडेवर बसते, चोच एकदा डावीकडे झटकते, एकदा उजवीकडे. एक दाणा पसंत पडला की सोलून खाते, तोवर चार खाली उडवलेले असतात. त्या चमच्यावर कबुतराला बसता येईना, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. कबुतराला तिथे बसायची गरजच नव्हती. ते खाली कठड्यावर उभं राहून वरून पडणारं वेचत होतं. आधी एक आलं, मग जोडी, मग एका सकाळी सात. गॅलरीतली फरशी आम्ही झाडत होतो, पण अर्धे दाणे गजांतून खालच्या मजल्यावरच्या छज्ज्यावर आणि एसीच्या खोक्यावर जात होते. दिवाळी येईपर्यंत चिमण्या यायच्या थांबल्या होत्या. कठड्यावर चौदा कबुतरं ओळीने बसलेली आणि बाटली अजून भरलेली.

खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. दिवाळीनंतर त्या वर आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात पिसं, वाळलेली विष्ठा आणि एक फुटलेलं अंडं. पिशवी दाराशी ठेवून म्हणाल्या, “तुमचे पाहुणे आमच्याकडे उतरलेत.” त्यांना सहा महिने कोरडा खोकला होता. डॉक्टरांनी घरात किंवा शेजारी कबुतरं आहेत का, हे सगळ्यात आधी विचारलं होतं. पुढे खोकला दम्याचा निघाला आणि त्यात कबुतरांचा वाटा किती, हे कुणी छातीठोकपणे सांगितलं नाही. पण डॉक्टर तो प्रश्न आधी का विचारतात, याला कारण आहे. कबुतराच्या विष्ठेतली आणि पिसांवरच्या भुकटीतली प्रथिनं रोज श्वासावाटे आत जात राहिली, तर काही माणसांची फुप्फुसं त्यांच्याविरुद्ध उठतात. सगळ्यांची नाही, काहींची. दुखणं लवकर ओळखलं आणि संपर्क तोडला तर माणूस सावरतो. उशीर झाला तर फुप्फुसावर व्रण धरतो आणि तो जात नाही. वैद्यकात या आजाराला पक्षी पाळणाऱ्यांच्या फुप्फुसाच्याच नावाने ओळखतात. काकूंनी पक्षी कधीच पाळलेले नव्हते.

बाटली मी त्याच दिवशी काढली. पण डोक्यात एक प्रश्न राहिला. दाणे चिमणीला आवडतात, कबुतरालाही आवडतात, मग वाढलं कबूतरच का? नुसत्या दांडगाईने नव्हे. याचं उत्तर पिल्लांच्या ताटात आहे आणि दाणे घालणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं.

चिमणी स्वतः दाणे खाते, पण अंड्यातून निघालेलं तिचं पिल्लू दाण्यावर जगत नाही. त्याला पहिले काही दिवस अळ्या, मावा, कोळी, बारीक किडे लागतात. चिमणा-चिमणी दिवसभर शेकडो खेपा करून ते आणतात. जिथे किडे नाहीत तिथे पिंपभर बाजरी ठेवली तरी पिल्लू घरट्यात उपाशी मरतं. कबुतराची गोष्ट वेगळी. नर आणि मादी दोघांच्याही अन्नपिशवीच्या अस्तरात दह्यासारखा दाट पदार्थ तयार होतो. त्याला कबुतराचं दूध म्हणतात. त्यात प्रथिनं आणि चरबी भरपूर असते आणि पिल्लाचे पहिले दिवस त्यावर निघतात. म्हणजे कबूतर आपली बाजरी घेऊन अंगातच तिचं बाळान्न करतं. किड्यांचा मोसम आला काय, गेला काय, त्याला फरक पडत नाही. एका वेळी दोन अंडी, सुमारे अठरा दिवस उबवण, महिन्याभरात पिल्लू उडायच्या बेतात, आणि ते उडण्याआधीच शेजारी पुढची दोन अंडी. आपल्या हवेत हे बारा महिने चालू शकतं. अट एकच, दाणा रोज मिळाला पाहिजे. तो आम्ही अगदी नेमाने देत होतो.

आता जागेचा हिशेब बघा. चिमणीला घरट्याला भोक लागतं. वाड्यांच्या वाशांत, भिंतीवरच्या तसबिरीमागे, विजेच्या मीटरच्या खोक्यात, ट्यूबलाइटच्या पट्टीवर तिचं भागत होतं. वाडे पडले, तसबिरी गेल्या, मीटर तळमजल्यावर बंद कपाटात गेले. त्या जागी गुळगुळीत भिंती, छज्जे, एसीची खोकी आणि डक्ट आले. कबुतराला हाच तर कडा हवा होता. सह्याद्रीच्या भिंतीत ते जे शोधत आलं, ते बिल्डरने दर मजल्याला बांधून दिलं, तेही ससाण्याविना. जागा आपण दिली, अन्न आपण दिलं, शत्रू आपणच हटवले, आणि आता हा पक्षी उपद्रवी आहे असं म्हणतो.

देशभरातल्या हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून तयार झालेला भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल २०२० मध्ये आला आणि नंतर २०२३ मध्ये. ज्यांचं उत्तम चाललंय अशा मोजक्या पक्ष्यांत कबूतर ठळक आहे. चिमणीबद्दल २०२० च्या अहवालात अनेकांना खटकलेली गोष्ट आहे. देशाचा एकत्रित विचार केला तर चिमणी साधारण टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र ती घटली. ‘चिमण्या संपल्या’ हे रडगाणं शहरातल्यांचं आहे. कोपरगावच्या बस स्थानकावर चहा पिणाऱ्याला ते पटणार नाही, त्याच्या पायाशी चिमण्या असतात. म्हणजे चिमणी शहरातून का गेली, हा पक्षीशास्त्राइतकाच आपल्या घरांचा आणि बागांचा प्रश्न आहे. २० मार्चच्या चिमणी दिवसाला वाटलेल्या बाजरीच्या पुड्यांनी तो सुटणार नाही. त्या पुड्या कुणाच्या पोटात जातात, ते वर सांगितलंच.

माझ्या बाटलीचं झालं ते मुंबईत मोठ्या प्रमाणावर झालं. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने विधान परिषदेत मुंबईतले कबूतरखाने बंद करण्याची घोषणा केली. तेव्हा त्यांची संख्या ५१ सांगितली गेली. ऑगस्टच्या सुरुवातीला दादरच्या कबूतरखान्यावर महापालिकेने ताडपत्री टाकली, आंदोलकांनी ती ओढून काढली, प्रकरण उच्च न्यायालयात होतंच, ते सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही दाणे घालणाऱ्यांना दिलासा मिळाला नाही. मग महिनाभर सगळी मुंबई दोन तट करून भांडली. एक तट भूतदयेचा, दुसरा फुप्फुसांचा, आणि दोन्हीकडे मधूनमधून जातीपातीचा आणि धर्माचा विषारी सूर.

मला दोन्ही तटांशी भांडायचंय. दया म्हणून पोतं ओतणाऱ्यांना विचारायचंय, की तुम्ही ज्या परंपरेचं नाव घेता तिच्यात घास असतो की पोतं? आपल्याकडे जेवायच्या आधी ताटाबाहेर घास काढून ठेवायची रीत होती. वैश्वदेव, काकबळी, गोग्रास अशी त्याला नावं होती. त्या घासाचं माप माणसाच्या भुकेशी जोडलेलं होतं, स्वतःच्या पानातून थोडं काढायचं. दुकानातून वीस किलो ज्वारीचं पोतं घेऊन चौकात रिकामं करताना पानातलं काहीच कमी होत नाही, आणि खाली राहणाऱ्या म्हातारीच्या खिडकीत काय उडतं हेही दिसत नाही. दानाची पावती आपल्याकडे आणि विष्ठा तिच्याकडे, ही वाटणी कुठल्याच धर्मात बसणार नाही. जैन परंपरेत तर आपल्या हालचालीने कुठल्या जीवाला काय होतं, याचा विचार इतरांपेक्षा किती तरी बारकाईने केलेला आहे. त्या बारकाईनेच हा हिशेब केला, तर पोतं हातून खाली ठेवावं लागेल असं मला वाटतं.

फुप्फुसवाल्यांना दुसरं विचारायचंय. कबूतरखाना बंद करा, जरूर करा. पण एका दिवसात दाणा तोडून हजारो पक्षी गल्ल्यांत सोडायचे, मग गॅलऱ्यांना जाळ्या ठोकायच्या, जाळीत पाय अडकलेलं कबूतर आठवडाभर लटकत ठेवायचं, यात कुठली शहाणीव? दाणा कमी करत गेलं की पक्षी अंडी कमी घालतात, पांगतात, संख्या आपोआप बसते. त्याला वेळ लागतो. शहराने शंभर वर्षं घातलेलं जेवण एका ताडपत्रीने उठत नाही. रस्त्याच्या बाजूची जाळीची दुकानं तेवढी त्या महिन्यात चालली.

कबुतराबद्दल एवढं बोलल्यावर बाकीच्या नकोशा मंडळींचं बघू, कारण यादी लांब आहे. कावळा वर्षातले साडेअकरा महिने हाड हाड आणि पितृपक्षात गच्चीवर उभं राहून त्याला हाका. पिंडाला शिवला नाही तर घरातली माणसं मेलेल्याच्या राहिलेल्या इच्छा आठवायला लागतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हाच कावळा उंदरांच्या पंक्तीला उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसवलेला होता. ती यादीच २०२२ च्या दुरुस्तीत गेली. वसंतात ज्याच्या आवाजाने आपण हळवे होतो त्या कोकिळाला लहानाचा मोठा करतो तो कावळाच, तेही फसवणुकीने. खार फीडरचं प्लॅस्टिक कुरतडते, गादीतला कापूस पळवते, म्हणून नकोशी. पण तिच्या पाठीवरच्या पट्ट्यांची गोष्ट मुलांना सांगताना आपला गळा भरून येतो. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जाणार म्हणून आपण खूश. तो भारद्वाज त्या वेळी कढीपत्त्याच्या झाडात बुलबुलाचं घरटं हुडकत असतो आणि सापडलं तर पिल्लं गिळतो. शिक्रा चिमणीवर झडप घालतो तेव्हा बघणारे किंचाळतात. मला मात्र आमच्या गॅलरीत शिक्रा एकदा आला त्याचं अप्रूप आहे. दाणे घालून आपण शिकार एका जागी गोळा करतो, शिकारी येणारच. मांजरीचं तेवढं वेगळं. तिला पोसतं माणूस आणि पाखरं मारते ती हौसेने, म्हणून ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांनी दाणे घालूच नयेत, असं माझं मत आहे.

नकोसं कोण हे पक्ष्यावर लिहिलेलं नसतं, याचा सगळ्यात मोठा दाखला मला न्यू जर्सीतून मिळाला. माझी मावसबहीण तिथे वीस वर्षं आहे. मागच्या अंगणात तिने निळ्या पक्ष्यांसाठी, तिकडे ज्यांना ब्लूबर्ड म्हणतात त्यांच्यासाठी, लाकडी खोकं लावलं. खोक्यात आली चिमणी. तीच, आपली चिऊताई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपातून नेऊन अमेरिकेत सोडलेली आणि मग सगळा खंड व्यापून बसलेली. तिथे ती ब्लूबर्डची खोकी बळकावते, पिल्लांना टोचून मारते. १९१८ च्या पक्षी कायद्याचं संरक्षण तिथल्या बहुतेक पक्ष्यांना आहे, हिला नाही. कबुतरालाही नाही. शेजारच्या बाईंनी बहिणीला सांगितलं, की घरटं काढून फेक, अंडी पुरून टाक, सगळे तसंच करतात. बहीण फोनवर सांगत होती, “चार अंडी हातात घेऊन अंगणात उभी राहिले. गरम होती. मला ती गोष्ट आठवायला लागली रे, बाळाला न्हाऊ घालणारी.” तिने अंडी परत ठेवली आणि खोकं त्या वर्षी चिमणीलाच देऊन टाकलं. शेजारणीच्या बाजूने पाहिलं तर तिचं चुकलं. मला स्वतःला काय जमलं असतं, सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियात आपल्या साळुंकीचे असेच हाल आहेत, तिथे लोक तिला पकडायला सापळे लावतात.

दाणे घालण्यात ज्यांनी हयात घालवली त्या ब्रिटिशांचा अनुभवही ऐकण्यासारखा आहे. तिथे घरोघरी बागेत पक्ष्यांना खाणं ठेवतात. २००५ च्या सुमारास तिथल्या हिरव्या फिंच पक्ष्यांना घशाचा एक जंतुरोग झाला. हा जंतू मूळचा कबुतरांच्या कुळातला. एकाच ताटलीत सगळे जेवायला लागले, ओल्या दाण्यांतून आणि पाण्यातून रोग पसरला, आणि ज्या पक्ष्यासाठी लोक ताटल्या ठेवत होते त्याची संख्या निम्म्याहून खाली आली. २०२१ मध्ये त्याला धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत घालावं लागलं. ताटली धुवायचा कंटाळा इतका महाग पडू शकतो. आपल्याकडे तर गच्चीवर मातीच्या पसरट भांड्यात महिनाभर तेच पाणी हिरवं होत पडलेलं दिसतं, वर डासांची अळी. पुण्य चिमणीचं, डेंगू शेजाऱ्याचा.

मग करायचं काय? पाखरांचा नाद सोडायचा? मी सोडला नाही, वाट बदलली. दाण्याऐवजी भाताच्या लोंब्यांची जुडी टांगतो. कोकणात नवं भात आलं की लोंब्या दाराशी बांधायची चाल आहे, तिच्यावरून सुचलं. हलक्या लोंबीला उलटं लटकून एकेक दाणा सोलायला चिमणीला आणि मुनियेला जमतं. कबुतराच्या वजनाने लोंबी वाकते आणि ते पंख फडफडवत खाली पडतं. तीन-चार खेपा करून त्याने नाद सोडला. हिवाळ्यातले दोन-तीन महिने एक छोटी जुडी, संपली की संपली, खाली सांडलेलं संध्याकाळी झाडून घ्यायचं. फरसाण, शिळी पोळी, मीठ घातलेला भात यातलं काही नाही. एसीच्या मागची फट अंडी घालायच्या आधी फळी ठोकून बुजवली. अंडी असतील तर पिल्लू उडेपर्यंत महिनाभर दम धरायचा, मग बुजवायची. छज्ज्यावर तिरकी फळी बसवली, तिच्यावर कबुतराला पाय ठरत नाही. काकूंच्या छज्ज्यावरही मीच बसवून दिली. तेवढं देणं होतंच.

पण खरा फरक पडला तो कुंडीत लावलेल्या कढीपत्त्याने. त्याला उन्हाळ्यात काळी जांभळी फळं येतात आणि बुलबुल त्यांच्यावर तुटून पडतात. मागच्या पावसाळ्यात त्या झाडाच्या पानांवर हिरव्या अळ्या पडल्या, फुलपाखराच्या. बायको म्हणाली, फवारणी कर, सगळी पानं खातील. मी दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी सकाळी एक चिमणी कुंडीच्या काठावर आली. वर्षभरात दिसलेली पहिली. तिने पान बाजूला सारलं, अळी देठाजवळ पकडली, काठावर दोनदा आपटून मऊ केली आणि समोरच्या इमारतीतल्या एका पाइपच्या भोकात घेऊन गेली. तासाभरात मी तिच्या एकोणीस खेपा मोजल्या. बाटलीत बाजरी होती तेव्हा ती पोट भरून निघून जात होती. आता तिचं पिल्लू आमच्या गल्लीत वाढत होतं. आमच्या फोडणीला त्या महिन्यात कढीपत्ता विकत आणावा लागला.

सोसायट्यांच्या बागा बघितल्या की वाईट वाटतं ते याचसाठी. गालिच्यासारखं गवत, रंगीत पानांची शोभेची झुडपं आणि महिन्यातून एकदा कीटकनाशकाची फवारणी. तिथे अळी नाही, कोळी नाही, फळ नाही, आणि मग कोपऱ्यात पक्ष्यांसाठी प्रेमाने ठेवलेलं बाजरीचं फीडर. एक तुती, एक शेवगा, जागा असेल तर उंबर किंवा पांगारा लावला आणि फवारणी थांबवली, तर तांबट, शिंपी, चष्मेवाला, शिंजीर, दयाळ हे आपण न बोलावता येतात. यातल्या एकालाही बाजरी नको असते. आपल्या ताटलीने आपण फक्त धान्य खाणाऱ्यांना पत्रिका पाठवत होतो आणि बाकीच्यांना वगळत होतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल. पिवळ्या पायांचा, हिरव्या-राखाडी अंगाचा. पोरांना सामान्यज्ञानात पाठ असतो, बघितलेला मात्र फार थोड्यांनी असतो. हाही कबुतराच्याच घराण्यातला. पण फळांवर जगतो, उंबर, वड, पिंपळ हे त्याचे आवडते, आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. थंडीत सकाळी पर्णहीन झाडाच्या शेंड्यावर ऊन खात थवा बसलेला असतो. दादरच्या चौकात कितीही पोती ओतली तरी तो येणार नव्हता. आपण ज्याला राज्याचा मान दिला त्या कबुतरासाठी एक उंबर राखला नाही, आणि ज्याला शिव्या देतो त्याला रोज जेवू घातलं. राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह साजरा होतो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली, दोघांचे जन्मदिवस त्यात येतात. या दोघांनी आयुष्यभर केलं ते पक्षी असेल तिथे जाऊन बघण्याचं काम. त्या आठवड्यात शाळांनी मुलांकडून पुठ्ठ्याची फीडर करून घेण्यापेक्षा आवारातला एखादा उंबर दाखवावा. पाडायच्या यादीत असेल तर आधी तो वाचवावा.

आमची जुनी बाटली मुलीने टाकू दिली नाही. तिच्यात आता कपड्यांचे चिमटे असतात. गॅलरीत कबूतर अजूनही एखादं येतं, पाणी पितं, जातं. त्याला मी हाकलत नाही. पाणी सगळ्यांसाठी आहे. तुम्हीही ठेवा, पसरट मातीच्या भांड्यात, दोन बोटं खोल, मध्ये एक दगड. रोज सकाळी घासून बदला, आणि मार्च लागला की दुपारीही एकदा.